सिगारेटवाल्यांचा उपदेश

वायटूकेच्या लाटेत, म्हणजे १९९८-९९च्या सुमारास अमेरिकेत येऊन पोहोचलेल्या मंडळींना टीव्हीवरची एक जाहिरात कदाचित आठवत असेल. नीटनेटके दिसणारे शाळकरी मुलगे आणि मुली कॅमेऱ्याकडे बघून सांगत, की आम्हाला स्वतःला सिद्ध करायला सिगारेटची गरज नाही. शेवटी घोषवाक्य यायचं: 'थिंक. डोन्ट स्मोक.' विचार करा, सिगारेट ओढू नका. आणि त्याखाली जाहिरात देणाऱ्याचं नाव: फिलिप मॉरिस. म्हणजे मार्लबोरो सिगारेट बनवणारी कंपनी.

आता तुम्हीच सांगा, आपल्या गावच्या पानटपरीवाल्याने पदरचे पैसे खर्चून 'पान-तंबाखू खाऊ नका' असा फलक लावला, तर तुम्ही काय म्हणाल? त्याला उपरती झाली म्हणाल, की यात काहीतरी पाणी मुरतंय म्हणाल?

पाणी मुरत होतं. कुठे, ते बघायचं तर शंभरेक वर्षं मागे, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी जावं लागतं. कॅरी-मॉरिसव्हिल भागात राहणाऱ्या वाचकांना डरहॅमचा अमेरिकन टोबॅको कॅम्पस माहीतच असेल. जुन्या विटांच्या इमारती, 'लकी स्ट्राइक' लिहिलेली पाण्याची टाकी आणि धुराडं, शेजारी बेसबॉलचं मैदान. आज तिथे ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आहेत, पण सिगारेटचा आधुनिक धंदा वाढला तो याच गावात. १८८१ साली जेम्स बोनसॅक नावाच्या तरुणाने सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हाताने वळणारा कुशल कारागीर दिवसाला दोन-तीन हजार सिगारेटी वळायचा. हे यंत्र लाखाच्या वर वळायचं. डरहॅमच्या जेम्स ड्यूकने १८८४च्या सुमारास ते वापरात आणलं आणि त्याच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. माल बनवणं सोपं झालं होतं, पण एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? तोवर अमेरिकेतली माणसं तंबाखू मुख्यतः चघळायची, नाहीतर पाइप आणि सिगारमधून ओढायची.

मग गिऱ्हाईक घडवणं हाही त्या कारखान्याचा उद्योग झाला. पाकीट वाकू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा असायचा. त्यावर चित्रं छापली जाऊ लागली: नट्या, देशोदेशीचे झेंडे, पुढे बेसबॉलचे खेळाडू. सबंध संच जमवायचा तर पाकिटं विकत घेत राहायला हवं. लहानपणी आपण काडेपेटीचे छाप जमवायचो, तसाच हा नाद, आणि तो कोणत्या वयात लागतो हे वेगळं सांगायला नको. बापाने ओढायची, मुलाने चित्र मागायचं. थोड्या वर्षांनी मुलाने स्वतःच पाकीट घ्यायचं.

या सगळ्याविरुद्ध उभी राहिली ल्यूसी पेज गॅस्टन नावाची इलिनॉयमधली शिक्षिका. सिगारेटच्या इतिहासात तिचं नाव बहुतेक थट्टेनेच घेतलं जातं. वर्गात मागच्या बाकांवर बसणारी, नापास होणारी मुलं सिगारेट ओढतात हे तिच्या लक्षात आलं आणि १८९९ साली तिने शिकागोत सिगारेटविरोधी संघटना काढली. मुलांकडून ती शपथा लिहून घ्यायची. सिगारेटची तल्लफ आली की जेन्शियन नावाची कडू मुळी चघळा, असा तिचा उपाय होता. (आपल्याकडे किराईत पाजतात, त्याच कुळातली ही मुळी. कडू खाल्लं की वाईट सवय सुटते, ही श्रद्धा जगभर दिसते.) ओढणाऱ्याचा चेहरा विशिष्ट प्रकारे बिघडतो, त्याला तिने 'सिगारेट-चेहरा' असं नाव दिलं होतं. १९२० साली ती राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतही उतरली आणि वॉरन हार्डिंगचा चेहरा तसाच आहे म्हणाली. हार्डिंग निवडून आले.

थट्टा सोडा, पण एके काळी तिची चळवळ फार प्रभावी होती. वेगवेगळ्या वेळी पंधरा राज्यांनी सिगारेट विक्रीवर बंदी घातली. मग पहिलं महायुद्ध आलं, सैनिकांना सिगारेटी वाटल्या जाऊ लागल्या आणि खंदकात ओढणाऱ्या वीराला बिघडलेला मुलगा कोण म्हणणार? १९२७पर्यंत सगळ्या बंद्या उठल्या. माझ्या मते गॅस्टनबाईंची बाजू दुबळी होती ती एका जागी. सिगारेटने नेमकं काय होतं, याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. होती ती नैतिक चीड. त्या मुलांना सांगत होत्या, की चांगली मुलं असं करत नाहीत. हे वाक्य तुमच्या ओळखीचं वाटलं तर लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पुरावा आला १९५० साली, अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी एकदमच. अमेरिकेत अर्न्स्ट विंडर हा वैद्यकीय विद्यार्थी आणि त्याचे गुरू शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहम, तर इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे शेकडो रुग्ण आणि तो नसलेले रुग्ण यांच्या सवयी त्यांनी ताडून पाहिल्या. डॉल यांना सुरुवातीला संशय होता रस्त्यावरच्या डांबराचा आणि मोटारींच्या धुराचा. आकडे येऊ लागले तशी त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. ग्रॅहम यांची गोष्ट जास्त कडू आहे. कॅन्सरग्रस्त माणसाचं एक आख्खं फुफ्फुस काढून त्याला जगवणारी पहिली शस्त्रक्रिया १९३३ साली त्यांनीच केली होती. ते स्वतः वर्षानुवर्षं ओढत होते, स्वतःच्याच संशोधनानंतर थांबले, आणि १९५७ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. डॉल यांनी पुढे ब्रिटनमधल्या चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवला. २००४ साली निष्कर्ष आला, की आयुष्यभर ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं कमी जगतो. मात्र तिशीच्या आत सोडली तर ही दहाच्या दहा वर्षं जवळजवळ परत मिळतात, चाळिशीत सोडली तर नऊ, साठीत सोडली तरी तीन. घरी कोणी अजून ओढत असेल तर हे आकडे त्यांना जरूर सांगा.

कंपन्यांचं उत्तर काय होतं? ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत एक पानभर निवेदन आलं. त्यात म्हटलं होतं, की लोकांचं आरोग्य ही आमची सर्वांत मोठी जबाबदारी आहे, आमच्या मालाने अपाय होतो असं आम्हाला वाटत नाही, तरी आम्ही संशोधनाला मदत करू. पुढची चाळीस वर्षं 'अजून नक्की सिद्ध झालेलं नाही' हे एकच पालुपद चाललं. १९६४ साली सर्जन जनरलचा अहवाल आला, पाकिटावर इशारा आला, १९७१च्या जानेवारीत टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. पालुपद बदललं नाही. एप्रिल १९९४मध्ये सात मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं, की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही.

आणि पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्राध्यापकाकडे एक खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव 'मिस्टर बट्स', म्हणजे एका व्यंगचित्रमालिकेतलं सिगारेटचं पात्र. प्राध्यापक होते स्टॅन्टन ग्लान्ट्झ, आणि खोक्यात होती ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीची हजारो पानांची अंतर्गत कागदपत्रं. त्यांतून दिसलं, की निकोटिनचं व्यसन लागतं हे कंपनीला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. पुढे राज्य सरकारांनी भरलेल्या खटल्यांतून इतर कंपन्यांचीही लाखो कागदपत्रं बाहेर आली.

त्यातला एक कागद मला कायम खटकतो. १९८४चा, आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचा. बाजारपेठेचा अभ्यास आहे, भाषा अगदी कोरडी. त्यात तरुण ओढणाऱ्यांसाठी एक शब्द आहे, त्याचं मराठी 'बदली गिऱ्हाईक' असं होईल. जुनी माणसं सोडतात किंवा मरतात, त्यांच्या जागी भरायला नवी माणसं हवीत. तरुण सिगारेटीपासून दूर राहिले, तर ज्या समाजात मुलंच जन्माला येत नाहीत त्याच्यासारखा हा धंदा आटत जाईल, असा त्याचा आशय. लिहिणाऱ्याने हिशेब अचूक मांडला होता. अमेरिकेत रोज ओढणाऱ्या प्रौढांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी पहिला झुरका अठरा वर्षांच्या आत घेतलेला असतो. याच कंपनीने १९८८च्या सुमारास अमेरिकेत 'जो कॅमल' नावाचा गॉगल लावणारा कार्टून उंट आणला. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जॉर्जियातल्या तीन ते सहा वर्षांच्या २२९ मुलांना चित्रांच्या जोड्या लावायला सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलांपैकी ९१ टक्क्यांनी उंटाची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउसची ओळखही साधारण तेवढीच होती.

एकीकडे हे चालू असताना, सिगारेट कंपन्यांची संघटना शाळांसाठी आणि पालकांसाठी पुस्तिका काढत होती! पहिली १९८४चीच, मुलांना निर्णय घ्यायला कशी मदत करावी यावर. २००२ साली संशोधकांनी अंतर्गत कागदपत्रं धुंडाळून या कार्यक्रमांचा हेतू मांडला: सरकारचे कडक कायदे टाळणं आणि जबाबदार उद्योग म्हणून मिरवणं. पुस्तिकांत काय होतं, यापेक्षा काय नव्हतं ते बघा. कॅन्सर नव्हता, निकोटिनचं व्यसन नव्हतं, आणि जाहिरातींबद्दल तर चकार शब्द नव्हता. सांगितलं होतं एवढंच, की सिगारेट ही मोठ्यांनी निवडायची गोष्ट आहे आणि मित्रांच्या दबावाला बळी पडू नका.

चौदा वर्षांच्या मुलाला 'ही मोठ्यांची गोष्ट आहे' म्हणून सांगा. त्याच्या कानात काय शिरतं? मोठं व्हायचं असेल तर हे कर.

इथे तुम्ही विचाराल, की मग मुलांना धोके नीट समजावून सांगितले म्हणजे झालं ना? दुर्दैवाने तेवढ्यानेही भागत नाही. वॉशिंग्टन राज्यात ४० शालेय जिल्ह्यांत आठ हजारांवर मुलांना तिसरीपासून बारावीपर्यंत, दबावाला नाही कसं म्हणायचं हे शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. १९८४ ते १९९९, पंधरा वर्षं. शेवटी, शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांच्या ओढण्यात फरक सापडला नाही.

दुसरा पुरावा आपल्या घराजवळचा, गोव्याचा. १९९६चा वर्ल्ड कप आठवतो ना? त्याचं अधिकृत नाव 'विल्स वर्ल्ड कप' होतं, आणि त्या काळात आपल्या संघाच्या कपड्यांवरही विल्स हेच नाव असायचं. आपल्यापैकी कुणाला ते सिगारेटचं नाव आहे असं मुद्दाम वाटलंही नसेल. ते क्रिकेटचंच नाव वाटायचं. गोव्यातले कॅन्सर सर्जन डॉ. शरद वैद्य यांना मात्र ते खुपत होतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या शाळकरी मुलांची पाहणी केली, ती १९९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. तंबाखूचे दुष्परिणाम या मुलांना चांगले माहीत होते. तरीही सिगारेट कंपनीने प्रायोजित केलेलं क्रिकेट पाहून तंबाखू चाखून बघण्याचा त्यांचा कल वाढत होता, कारण सिगारेट आणि खेळातलं कौशल्य यांची मनात खोटी जोडी लागली होती. दूरच्या कॅन्सरपेक्षा समोरची बॅट मोठी. १९९७ साली गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला, त्यामागे वैद्य यांच्या चळवळीचा मोठा वाटा होता. २००१मध्ये विल्सवाल्यांनी क्रिकेटचं प्रायोजकत्व सोडलं, २००३मध्ये देशभराचा कायदा आला.

मग काम कशाने झालं? फ्लोरिडाने एक वेगळीच वाट धरली. १९९७च्या तडजोडीत राज्याला कंपन्यांकडून ११ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मिळायची होती. त्यातून १९९८ साली 'ट्रूथ' नावाची मोहीम निघाली आणि तिची आखणी करताना किशोरवयीन मुलांनाच बरोबर घेतलं. जाहिरातींत उपदेश नव्हता. ओढू नका असंही फारसं म्हटलेलं नव्हतं. त्यात होती कंपन्यांची लबाडी, त्यांच्याच कागदांतून. चौदाव्या वर्षी बंड करायचंच असतं ना? मग ज्यांनी तुला बदली गिऱ्हाईक म्हणून मोजलं आहे त्यांच्याविरुद्ध कर. दोन वर्षांत फ्लोरिडाच्या मिडल स्कूलमधलं सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ११.१वर आलं, हायस्कूलमधलं २७.४वरून २२.६वर.

२००० साली ही मोहीम देशभर गेली. न्यूयॉर्कमध्ये सिगारेट कंपनीच्या मुख्यालयापुढे तरुणांनी बाराशे प्रेतपिशव्या आणून रचल्या, कारण तंबाखूने देशात रोज तेवढी माणसं मरत होती. एका रेडिओ जाहिरातीत तर एक जण लॉरिलार्ड कंपनीला फोन करून सांगतो, की मी कुत्री फिरवतो, तुम्ही सिगारेटीत युरिया घालता असं ऐकलं, माझ्याकडे कुत्र्यांचं मूत्र भरपूर आहे, विकत घेता का? पोरकट म्हणाल. पण कंपनी इतकी चिडली, की प्रकरण डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ साली ती हरली. शाळेतल्या गुळमुळीत पुस्तिकांवर कोणत्याही सिगारेट कंपनीने कधी खटला भरला नव्हता.

आता त्या पहिल्या जाहिरातीकडे या. दोन्ही मोहिमा एकाच वेळी चालू होत्या, त्यामुळे तुलना करता आली. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की 'ट्रूथ' पाहणाऱ्या मुलांचं कंपन्यांबद्दलचं मत बदललं, तर 'थिंक. डोन्ट स्मोक' पाहणाऱ्यांचा पुढेमागे सिगारेट ओढण्याकडे कल थोडा वाढलेला होता. त्याहून पालकांनी कान टवकारावेत असा निष्कर्ष २००६चा आहे. त्याच कंपनीने 'मुलांशी बोला, ती ऐकतील' अशा आशयाच्या जाहिराती खास पालकांसाठी काढल्या होत्या. त्या जास्त दाखवल्या गेल्या तिथल्या दहावी-बारावीच्या मुलांना सिगारेट कमी धोक्याची वाटू लागलेली आढळली. पालकांनी बोलू नये असा याचा अर्थ नाही. त्या जाहिरातींत बोला असं होतं, पण काय बोला, का बोला, याचा पत्ता नव्हता. नुसतं 'चांगली मुलं असं करत नाहीत'.

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या मराठी शाळेत पालकांच्या गप्पांत हा विषय निघाला, तेव्हा निम्म्या जणांनी 'आमच्याकडे तो प्रश्नच नाही' म्हणून विषय संपवला. मला ते समजतं. आपल्या घरातली तंबाखू वेगळी होती: आजीची मशेरी, आजोबांची चुन्याबरोबर मळलेली चिमूट, एखाद्या मामाची गच्चीवर लपून ओढलेली सिगारेट. धुराचा वास आला की कळायचं. व्हेपला तसा वास येत नाही. आलाच तर आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा येतो. २०१५ साली बाजारात आलेलं जूल हे पेन ड्राइव्हसारखं दिसायचं, निकोटिनचा क्षार वापरल्याने घशाला टोचत नसे, आणि त्याच्या एका कुपीत साधारण पाकीटभर सिगारेटींइतकं निकोटिन असायचं. २०१९ साली अमेरिकेतल्या हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं व्हेप करत होती. सिगारेट तोवर जवळपास नाहीशी होत आली होती, निकोटिन मात्र नव्या दाराने आलं. २०२४मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांपर्यंत उतरलं. तरी तीस मुलांच्या वर्गात दोघं-तिघं होतातच.

जुलै २०१९मध्ये राजा कृष्णमूर्ती अध्यक्ष असलेल्या काँग्रेसच्या उपसमितीपुढे न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांनी साक्ष दिली. त्यांच्या सांगण्यानुसार, २०१७ साली जूलचा प्रतिनिधी त्यांच्या शाळेत व्यसनाबद्दल बोलायला आला होता. शिक्षकांना त्याने वर्गाबाहेर जायला सांगितलं आणि आमची वस्तू पूर्णपणे सुरक्षित आहे असं मुलांना सांगितलं. शाळांचा हा कार्यक्रम आपण २०१८मध्येच बंद केला, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्याच २०१८च्या डिसेंबरात आल्ट्रियाने जवळजवळ १३ अब्ज डॉलर मोजून जूलचा ३५ टक्के हिस्सा विकत घेतला. आल्ट्रिया हे फिलिप मॉरिस कंपनीने २००३मध्ये घेतलेलं नवं नाव.

भारताने २०१९मध्ये व्हेपवर सरसकट बंदी घातली, अमेरिकेने तंबाखू विक्रीचं किमान वय २१ केलं, ब्रिटनने जून २०२५पासून वापरून फेकायची व्हेप बंद केली. कायदे आपापल्या गतीने चालतील. घरी बोलायचं झालं तर सामग्री तयार आहे. मिस्टर बट्सच्या खोक्यापासून सुरू झालेला तो संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट खुला ठेवला आहे. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१मध्ये जूलशी केलेल्या तडजोडीतून मिळालेली कंपनीची कागदपत्रंही आता त्यात आहेत, चॅपल हिलच्या विद्यापीठाच्या सहकार्याने. मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि १९८४चा तो रेनॉल्ड्सचा कागद शोधायला सांगा. त्यांना तो आपल्यापेक्षा लवकर सापडेल.